ओट्याचा फोटो

जुन्नरची जुनी पेठ मला विचारा! डोळ्यांवर पट्टी बांधा, तरी कुठल्या दारात कुठलं कुत्रं झोपलंय ते सांगीन. माझं माहेरच ते!

पण आमची सून तेजस्विनी पडली पुण्याची. मी काही सांगितलं की गालात हसणार. लग्न झाल्यापासून तिला सांगतेय, माझ्या बापाच्या दारात काळ्या दगडाचा ओटा हाय, आख्खी पेठ त्याच्यावर बसून न्यायनिवाडा करायची. तर म्हणते कशी, "आई, मागच्या वेळी त्या ओट्यावर दहा माणसं बसत होती, आज चाळीस झाली!"

अंगाचा तिळपापड झाला! तिनं माहेराहून रोलचा कॅमेरा आणला होता. म्हटलं, "घे तो डबा, चल जुन्नरला! ओट्याचा फोटो काढ आन् लाव भिंतीवर!"

भाऊबीजेला माझा भाऊ भागूच माझ्या सासरी, पिंपळवंडीला येतो, त्यामुळं पेठेत माझं पाऊल लई वर्षांनी पडत होतं. ओळखीचं एक तोंड दिसेना. पण माणसं मात्र कॅमेरा बघून उठून उभी राहत होती!

सून एका कोरीव दारासमोर थांबली. डोळ्याला कॅमेरा लावून मागं सरकायला लागली. मी ओरडले, "आजून माघं! पायरी सगळी आली पायजे!"

घरातून एक बाई धावत आली. "पायरी नका घेऊ बाई! आत्ताच बांधलीय!"

"घेणार! पायरीसकट घेणार!"

बाई रडकुंडीला आली. मी मनात म्हटलं, काय लाजाळू बाई!

पुढं एका दुकानाचा पत्रा रस्त्यावर आला होता. मी सहज म्हटलं, "भाऊ, ह्यो पत्रा मधी येतोय. लई वंगाळ दिसतोय."

"काढतो म्याडम! आत्ता काढतो!" आन् खरंच, शिडी लावून काढला की! वर आम्हाला चहा आणि क्रीमरोल!

म्याडम! उभ्या जन्मात मला कुणी म्याडम म्हटलं नव्हतं. आमचे मालक तर 'अगं ए'च्या पुढं गेले नाहीत.

"आई, ही माणसं आपल्याला भलतंच कुणीतरी समजतायत," सून कुजबुजली.

"भलतं कसलं? आमच्या घराण्याचा दरारा हाय ह्यो! तुमच्या पुण्यात पाणी तरी इचारतं का कुणी?"

मग काय, पदर खोचला आणि निघाले. मी 'हे वंगाळ' म्हणायचा अवकाश, ते गायब! पाट्या उतरल्या, पायऱ्या उखडल्या, कोंबड्यांची खुराडी माणसांच्या घरात गेली. पुढच्या आळीत तर मी पोचायच्या आधीच ठणाठण सुरू! पुढं धूळ, मागं धूळ, जशी काही लग्नाची वरात दगडाच्या खाणीतून निघालीय!

शेवटच्या बोळाशी आले. छाती पुढं काढून म्हटलं, "धर कॅमेरा. ह्यो वळला की ओटा!"

वळलो.

ओटा नव्हताच! दगडांचा ढीग होता, आणि ढिगावर पहार घेऊन घामानं निथळणारा माझा भाऊ.

"आक्का? तू?"

"भाग्या! ओटा कुठाय?"

"फोडला की! सकाळीच रिक्षातनं नगरपालिकेचा भोंगा फिरला, रस्त्यावर आलेलं काढा, न्हायतर फोटो काढून पाडून टाकणार. आन् आता निरोप आला, म्याडम निघाली! लुगडंवाली हाय म्हणं, लई खाष्ट! संगं फोटोवाली पोरगी हाय. म्हटलं, आपल्याच हातानं काढावा, दगड तरी वाचतील." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुला वाटंत दिसली का गं ती?"

सून भिंतीकडं तोंड करून उभी होती. नुसते खांदे हलत होते.

मी मटकन दगडांवर बसले. तेवढ्यात खटॅक!

"आई, एवढे दगड! चाळीस माणसं खरंच बसत असणार हो!"

तो फोटो भिंतीवर लागला. शब्द मीच दिला होता ना! आता पावणं येतात, चष्मा पुसून बघतात आणि हळहळतात, "अरारा! ह्यो कुठला भूकंप म्हणायचा?"

मी तोंड उघडायच्या आत आमचे मालक फोटोवर बोट ठेवतात.

"ह्यो काय! मधी बसलाय!"