सुलूबायच्या गाडीतला लाल दिवा

सुलूबायशी तुम्ही काहीही बोलत असा, थोडा वेळ झाला की ती मधेच तोडून विचारते, "तीन मिनटां झाली. वाढवूचा काय?" 'वाढवा' म्हटलंत तर ठीक. गप्प राहिलात तर ती पाठ फिरवून चालू लागते. एकदा माझे सासरे तिला आपल्या मूळव्याधीच्या ऑपरेशनची हकिकत सांगायला बसले होते. सासरे टेबलावर आडवे झाले आणि सुलूबायची तीन मिनिटं भरली. सासऱ्यांना नियम ठाऊक नव्हता. ते आजतागायत टेबलावरच आहेत.

सुलूबाय आमची शेजारीण. मधे फक्त एक बुटका दगडी गडगा. तिने सगळी नोकरी मालवणच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केली. तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने चालणाऱ्या ट्रंक कॉलचे दिवस होते ते. समोर मोठा बोर्ड, बोर्डावर दिवे. दिवा लागला की कोणीतरी बोलावतंय. पिन खुपसायची, दोन गावं जोडायची आणि म्हणायचं, "बोला." पुढे तो बोर्ड गेला, पिना गेल्या, सुलूबायही निवृत्त झाली. 'बोला' तेवढं राहिलं. देवळात घंटा वाजवून झाल्यावर ती देवालासुद्धा "बोला" म्हणते, असं माझी बायको शपथेवर सांगते.

नोकरीतून तिने एक सिद्धांत घरी आणला. "बिघाड म्हणान जगात काय नसता रे. लूज कनेक्शन असता." माडाला नारळ धरेना, लूज कनेक्शन. भावजय आणि नणंद बोलेनात, लूज कनेक्शन. माझं ब्लड प्रेशर वाढलं तेव्हा तिने माझ्या मानेचा जोड सैल झाल्याचं निदान केलं आणि मी 'नको, नको' म्हणेपर्यंत तो आवळूनही दिला. पुढचे काही दिवस मला फक्त डावीकडचं मालवण दिसत होतं.

लग्न तिने केलं नाही. कारण विचारायची आमच्यात कोणाची छाती नाही. साठी ओलांडल्यावर मात्र तिने एक जुनी मोटार घेतली आणि चालवायला शिकली. चालवते म्हणजे काय, तर आमच्या मेढा वाडीतल्या म्हशी तिला ओव्हरटेक करतात आणि करताना मान वळवून बघतात. हॉर्न वाजवणं तिला असभ्य वाटतं. ती काच खाली करून सांगते, "ओ काकानू, लाईन वायच मोकळी करा!"

गाडीत ती कोणाला घेत नाही. बाजारात जायचं असलं तरी नाही. दर रविवारी सकाळी एकटीच गाडी काढते आणि जेवायच्या वेळेला परत येते. खंय गेल्लंस म्हणून विचारलं तर एकच उत्तर, "गाडयेक व्यायाम व्हयो."

तर श्रावणात या गाडीत एक लाल दिवा लागला.

सुलूबायने गडग्यावरून मला हाक मारली. मी जाऊन पाहिलं. स्टीअरिंगच्या मागे, काट्यांच्या मधोमध, एक बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर एक गोळा, असं लाल चित्र.

"हो कोण रे? पोटार कलिंगड घेवन बसलो हा."

"एअरबॅगचा दिवा आहे," मी म्हटलं. "टक्कर झाली की पिशवी फुगून माणसाला वाचवते ना, तिच्यात काहीतरी बिघडलंय."

"बिघडला नाय. कोणतरी बोलावता."

त्या दिव्याचा स्वभाव विचित्र होता. कधी लागायचा, कधी आपोआप जायचा. रविवारी मात्र हमखास. कोणीतरी तिला सांगितलं, त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावा, दिसणार नाही. सुलूबाय त्या माणसावर अशी कडाडली की त्याने आमच्या गल्लीतून येणं सोडलं. "शिरा पडो तुज्या अकलेर! बोर्डार दिवो लागलो तर ऑपरेटरान डोळे मिटूचे?"

कुडाळच्या गॅरेजवाल्याने गाडी आठवडाभर ठेवायला सांगितली. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग होती, त्याचंही चूक नव्हतं.

"मधलो रविवार धरून?" तिने विचारलं.

"धरून."

"मगे नको."

मी समजूत घातली. म्हटलं, दिवा आहे तोवर पिशवी उघडेलच असं नाही, पण तुमच्या वेगाने टक्कर झाली तर समोरच्याला कळणारसुद्धा नाही.

"माजा सोड," ती म्हणाली. "बाजूच्या माणसाचा काय?"

"बाजूला कोण बसतं तुमच्या?"

"लाईन बिझी आसा," असं म्हणून ती घरात गेली. ती असं म्हणाली की समजायचं, प्रश्न चुकला.

तिने ऑनलाईन एक यंत्र मागवलं. गाडीला जोडलं की गाडीचं दुखणं सांगतं म्हणे. त्याने इंजिनाची नाडी तपासली आणि 'दोष नाही' असं जाहीर केलं. लाल माणूस कलिंगड घेऊन बसलेलाच. स्वस्तातलं यंत्र, त्याला एअरबॅगची भाषाच येत नव्हती. "नवीन ऑपरेटर आसा," सुलूबाय म्हणाली. "खंयचोव नंबर विचारा, अस्तित्वात नाय सांगता आणि फोन ठेवता."

शेवटी एका रविवारी, तिच्या व्यायामाच्या आधी, आम्ही दोघांनी तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गाडी उघडली. मी हेल्मेट घालून गेलो होतो. पिशवी फुटली तर आपलं तोंड असावं एवढीच इच्छा. बायको आमच्या दारातून बघत होती आणि अधूनमधून विचारत होती, "विम्याचे कागद कपाटातच आहेत ना?"

"लाईन तपासूची म्हणजे एकेक तुकडो तपासूचो," सुलूबायने धोरण सांगितलं. तिचा पहिला संशय स्टीअरिंगवर होता. आत गुंडाळलेली तार असते, ती झिजते, असं तिने वाचलं होतं. तिने स्टीअरिंग डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, आणि त्या भरात जन्मात पहिल्यांदा तिच्या हातून हॉर्न वाजला. तिने गडग्यापलीकडे बघून माफी मागितली. दिवा ढिम्म. मग पट्ट्यावर संशय. पट्टा लावला, काढला, लावला. ढिम्म. मग फ्यूजवर. ढिम्म. चौथ्या वेळी चावी फिरवली तेव्हा दिवा उगाचच विझला, म्हणजे आता शोधायलाही काही उरलं नाही.

"बाजूक बसान बघ जरा, खालसून काय आवाज येता काय," ती म्हणाली.

मी बाजूच्या सीटवर बसलो. सीट इतकी पुढे होती की माझे गुडघे हेल्मेटला लागले. मी खालची दांडी ओढून सीट मागे ढकलली. अगदी शेवटपर्यंत, सर्रकन.

दिवा लागला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "फुडे घे," ती कुजबुजली. मी सीट पुढे घेतली. तिने चावी बंद करून पुन्हा फिरवली. दिवा लागला, क्षणभर थांबला, विझला. "मागे." मागे. लागला! सुलूबायने टाळी वाजवली. "गावली! सीटीच्या खाली आसा मेली!"

मी लगेच खाली हात घालणार होतो, तिने माझ्या मनगटावर फटका मारला. आधी बॅटरीची तार काढली. मग आम्ही पायरीवर बसून राहिलो, कारण आत साठलेली वीज उतरायला वेळ द्यावा लागतो. मी आणलेला मीटरही तिने काढून घेतला. "हेका मीटर लावचो नाय. उगाच फुटात."

मग मी जमिनीवर उताणा पडून सीटखाली विजेरी मारली. सीटच्या कुशीतल्या एअरबॅगची तार तिथून जात होती. तिचा पिवळा जोड अर्धा निसटलेला, खाऱ्या हवेने हिरवट पडलेला. सीट शेवटपर्यंत मागे गेली की तार ताणायची आणि जोड सुटायचा. आता हे एकदोनदा सीट ओढून होत नाही. सीटचे रूळ बघितले तर मागच्या टोकापर्यंत घासून चकचकीत झाले होते. आणि रुळाच्या कडेला काहीतरी काळं अडकलेलं होतं. मी बोटाने उचकटून बाहेर काढलं.

काठीच्या टोकाला असतं ते रबरी बूच.

सुलूबायची उंची पाच फुटांच्या आत. काठी ती वापरत नाही. गाडीत कोणी बसत नाही. मी उताण्या अवस्थेतच तिच्याकडे बघितलं.

"सुलूबाय, हे कोणाचं?"

"लाईन बिझी आसा!" तिने बूच हिसकावून कमरेला खोचलं. तिचे कान लाल झाले होते. "गजाली नको. ब्रश घे."

तिने जोड उघडला, फवारा मारून आणि जुन्या दात घासायच्या ब्रशाने घासून स्वच्छ केला, वाळवला आणि दाबला. टक् असा आवाज झाला. तो आवाज ऐकताना तिने डोळे मिटले होते. मग तारेला थोडी ढील देऊन तिने ती पट्टीने अशी बांधली, की सीट कितीही मागे गेली तरी ताण बसू नये. बॅटरी जोडली. चावी फिरवली. लाल माणूस आला, आम्हाला बघितलं आणि कलिंगड घेऊन निघून गेला. सीट मागे, पुढे, परत मागे. नाही म्हणजे नाहीच आला.

"बोला!" सुलूबाय म्हणाली आणि स्वतःच हसली.

मग घड्याळ बघून एकदम दचकली. "उशीर झालो! तू बस. मागे बस हां, फुडली सीट रिकामी व्हयी." तिने मला गाडीत घेतलं! बहुधा माझ्या तोंडावर पाळत ठेवायची होती.

गाडी तारकर्लीच्या रस्त्याला लागली आणि माडांत एका घरापुढे थांबली. पडवीत एक उंच, वाळका म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. मला ओळखायला क्षण लागला. सामंत साहेब! एक्सचेंजचे सुपरवायझर. सुलूबायचं आणि त्यांचं वैर सगळ्या मालवणला ठाऊक होतं. केसांतली अबोलीची फुलं बोर्डावर पडतात म्हणून त्यांनी तिला मेमो दिला होता. कामावर मोठ्याने हसली म्हणून दुसरा. ते रिटायर झाले त्या दिवशी तिने पेढे वाटले होते, आणि निरोप समारंभाला ती गेली नव्हती.

"सुलोचनाबाई, उशीर झाला आहे," साहेब म्हणाले.

"होय सायब."

"आणि त्या दिव्याचं काय केलंत? मागच्या वेळीही सांगितलं होतं."

"काढलंय सायब. लूज कनेक्शन होता."

"वेळेवर लक्ष दिलं असतंत तर एवढं झालं नसतं."

"होय सायब."

माझा कानांवर विश्वास बसेना. जी बाई देवाला 'बोला' म्हणते, ती खाली मान घालून 'होय सायब' म्हणत होती. बोलता बोलता ती खाली वाकली आणि तिने ते बूच त्यांच्या काठीला बसवलं. त्यांना हात देऊन गाडीपाशी आणलं, त्यांचे लांबलचक पाय एकेक करून आत घेतले, सीट सर्रकन शेवटपर्यंत मागे केली. मी मागे पाय पोटाशी घेतले. तिने पट्टा लावला आणि दोनदा ओढून बघितला.

देवबागपर्यंत साहेब बोलत होते. वेग जास्त आहे. वेग कमी आहे. आरसा पुसलेला नाही. संगमाजवळ गाडी थांबली. साहेब काच खाली करून, नदी समुद्राला मिळते तिकडे बघत बसले. आम्ही दोघं खाली उतरलो.

"एवढं कसं ऐकून घेता हो तुम्ही?" मी विचारलं.

ती वाळूत पायाच्या अंगठ्याने रेघ ओढत राहिली. "त्येंचे पोरगे भायरगावी. बायको गेली. पडवीत एकटे बसलेले दिसले एकदा," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि माका वरडणारा आता कोण उरला रे? आवस गेली, बापूस गेलो, मोठो भाव गेलो. तुमी सगळे 'सुलूबाय, सुलूबाय' करतास, माज्यार हसतास. मी कामाक उशिरा इलंय तर रागावणारो ह्यो एकटो."

"सुलोचनाबाई!" गाडीतून आवाज आला. "वारा लागतो आहे."

"इलंय सायब!" म्हणत ती पदर सावरून धावली.

परतीच्या वाटेवर साहेबांचं बोलणं हळूहळू विरळ झालं. मग मान एका बाजूला कलली आणि ते झोपले. सुलूबायने वेग आणखी कमी केला. मला वाटत होतं त्याहून कमी वेग त्या गाडीला नसावा, पण होता. मागून एसटी आली. तिने हात बाहेर काढून तिला पुढे जाऊ दिलं.

माडांतलं ते घर आलं. पडवी दिसली, रिकामी खुर्ची दिसली. मी उतरायला दाराची कडी धरली. सुलूबायने आरशातून माझ्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं आणि गाडी न थांबवता तशीच पुढे नेली.