फ्लेक्सवर न मावलेला शब्द

रेनान्ते सुमागायसाय यानं सोमवारी सकाळी दात घासता घासता आयुष्यातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय घेतला. ती परीक्षा द्यायची नाही.

निर्णय काही झटक्यात झालेला नव्हता. दोन वर्षं तो त्या परीक्षेच्या काठावर पाय हलवत बसला होता. ओतोन गावच्या सान रोके सहकारी पतसंस्थेत तो चौदा वर्षं संगणक विभाग सांभाळत होता. विभाग म्हणजे तो एकटा, आणि सांभाळणं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणं. त्याला कोणी नावानं हाकच मारत नसे. "प्रिंटरला बोलवा," असं कोणी तरी म्हणायचं आणि हा मुकाट्यानं उठून जायचा. आता संस्था मोबाइलवर व्यवहार सुरू करणार होती. त्यासाठी सुरक्षा अधिकारी असं नवं पद निघालं होतं, आणि एथिकल हॅकरची परीक्षा पास झाला तर ते त्याला मिळणार होतं. एथिकल हॅकर म्हणजे मालकाच्या परवानगीनं त्याचं कुलूप फोडून दाखवणारा आणि मग 'साहेब, कुलूप बदला' असं सांगणारा सज्जन माणूस. फी संस्थेनं भरली होती. तारीख पंधरा दिवसांवर आली होती.

पगाराचं त्याला एवढं काही नव्हतं. चौदा वर्षांत एकदा तरी कोणी आपल्याला जाणकार म्हणावं, एवढाच त्याचा लोभ होता.

पण पुस्तक सहाशे पानांचं, आणि सराव परीक्षेत गाडी शंभरात बावन्नच्या पुढे सरकेना. पास व्हायला सत्तर हवे होते. त्यानं वहीत दोन रकाने आखले. 'द्यावी' खाली एकच कारण निघालं, 'लोक मान देतील'. 'देऊ नये' खाली अकरा निघाली, आणि अकरावं ठळक अक्षरांत होतं: 'नापास झालो तर नानायला तोंड कसं दाखवू?' नानाय म्हणजे त्याची आई. नाव मागे घ्यायला शुक्रवारपर्यंत मुदत होती. आज विचार केला, उद्या अर्ज करू, परवा सगळं विसरून जाऊ, असा साधा सरळ बेत होता.

संध्याकाळी ट्रायसिकल रिक्षातून तो गल्लीच्या तोंडाशी उतरला, तर वर दोन फ्लेक्स फडफडत होते. एक शेजारच्या तिया पुरिंगच्या मुलीचा. ती सुईणीची सरकारी परीक्षा पास झाली होती, तेव्हा तो लागणारच होता. गल्लीत कोणी काहीही पास झालं तरी आठवड्याच्या आत त्याचा फोटो खांबावर चढतोच. दुसऱ्या फ्लेक्सवर मात्र तो स्वतः होता. चुलतभावाच्या लग्नातला फोटो कापून लावलेला, त्यामुळे खांद्यावर कोणाचा तरी बिनमालकाचा हात राहिला होता. खाली टोपलीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'अभिनंदन! रेनान्ते पाल्मारेस सुमागायसाय, प्रमाणित हॅकर. संगणक विभाग, सान रोके सहकारी पतसंस्था.'

रेनान्तेनं आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते पाहिलं. तो तसाच घरात शिरला. नानाय सोलेदाद पान्सितच्या शेवया परतत होती.

"नानाय, तो फ्लेक्स कोणी लावला?"

"मी लावला. चांगला आलाय ना? थोडा काळा दिसतोस, पण तू आहेसच काळा."

"अगं, परीक्षा अजून व्हायचीय!"

"ठाऊक आहे की. पण पुरिंग मुलीचा करून घ्यायला गेली होती. दोन एकदम केले तर स्वस्त पडतात. आणि शिडीही आजच मिळाली होती. शिडी काय रोज रोज कोणी देतं, तोतो?"

एकेचाळीस वर्षांचा घोडा झाला तरी नानायला तो तोतोच होता, म्हणजे बाळ्याच.

"आणि नुसतं हॅकर काय लिहिलंस? एथिकल हॅकर आहे ते. एथिकल म्हणजे नीतीनं वागणारा. तो शब्द कुठे गेला?"

"मावत नव्हता. दुकानदार म्हणाला, एक तर फोटो लहान करा, नाही तर एक शब्द काढा. मी म्हटलं, तो नीतीचा काढा. माझा मुलगा सज्जन आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, ते काय लिहायचं?"

रेनान्तेनं कपाळाला हात लावला. "नानाय, तो आत्ताच्या आत्ता काढ."

"काढते. आणि पुरिंगला काय सांगू? तिची मुलगी पास झाली आणि माझा परीक्षेच्या आधीच नापास झाला?"

सकाळीच आपण परीक्षेला रामराम ठोकलाय, हे आता सांगायची हिंमत त्याला होईना. त्यानं पान्सित खाल्लं.

खरं सांगायचं तर मंगळवारी फ्लेक्स काढायची त्याला फारशी घाईही राहिली नाही. सकाळी ट्रायसिकलवाल्यानं भाडं घेतलं नाही. कोपऱ्यावरच्या बाईनं त्याला बाजूला घेऊन नवऱ्याचे निरोप चोरून वाचता येतील का असं विचारलं, आणि तो नाही म्हणाला तेव्हा ती आदरानं म्हणाली, "बरोबर आहे सर, असं रस्त्यात कसं सांगणार." सर! चौदा वर्षांत पहिल्यांदा. रेनान्तेला आतून गुदगुल्या झाल्या. लोकांना थोडे दिवस वाटू दे, असं त्यानं मनाशी ठरवलं. फुकटचं आणि पौष्टिक, कोणाला नको असतं?

बुधवारी तो कामावर पोहोचला तेव्हा पतसंस्थेसमोर रांग लागली होती. पायऱ्यांवरून सुरू होऊन, औषधाच्या दुकानाला वळसा घालून ती थेट मासळी बाजारापर्यंत गेली होती. रांगेच्या अग्रभागी सुकी मासळी विकणाऱ्या मनांग क्रिसिंग, म्हणजे क्रिसिंगताई, छत्री टेकून उभ्या होत्या. त्यांच्या हातात पासबुक होतं.

"काय झालं, मनांग?"

"माझे पैसे काढायचेत. सगळे."

"सगळे? का बरं?"

"पतसंस्थेनं हॅकर पाळलाय, असं फ्लेक्सवर लिहिलंय. तू हॅकर आहेस का?"

"नाही, मनांग. खरंच नाही."

मनांग क्रिसिंग मागे वळून रांगेला म्हणाल्या, "ऐकलंत? नाही म्हणतोय. चोर कधी हो म्हणेल का?"

रांगेनं मान डोलावली. आपण अजून परीक्षाच दिलेली नाही, असं रेनान्तेनं सांगून पाहिलं. तेव्हा मागून कोणी तरी म्हणालं, "परीक्षा न देताच प्रमाणपत्र काढलं म्हणजे केवढा पोचलेला असेल." रेनान्ते जितकं नाकारत गेला तितकी रांग लांबत गेली.

आत व्यवस्थापक मॅडम व्हांजी खिडकीच्या पडद्याआडून बाहेर बघत होत्या. त्यांची पाचावर धारण बसली होती.

"रेनान्ते, दुपारपर्यंत तिजोरी रिकामी होईल. तू हॅकर आहेस?"

"मॅडम, तुम्हीच मला या परीक्षेला बसवलंत."

"ते मला माहीत आहे. त्यांना काय सांगू?"

शेवटी अ‍ॅटर्नी गुम्बान यांना बोलावणं गेलं. आमच्याकडे कुठलीही गोष्ट खरी व्हायची असेल तर ती शपथपत्रावर टंकून वकिलाचा शिक्का मारावा लागतो. त्याशिवाय सूर्य पूर्वेला उगवतो यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. उद्या सकाळी पायरीवर शपथ होईल, असं जाहीर झाल्यावर रांग तेवढ्यापुरती घरी गेली.

गुरुवारी अख्खा बाजार लोटला. अ‍ॅटर्नींनी ध्वनिक्षेपकावर वाचायला सुरुवात केली. "मी, रेनान्ते पाल्मारेस सुमागायसाय, वय एकेचाळीस, अविवाहित, शपथेवर सांगतो की मी हॅकर नाही, कधी नव्हतो, आणि माझी एकंदर कुवत पाहता पुढे होण्याचीही शक्यता नाही. माझं काम प्रिंटरमध्ये अडकलेले कागद काढणं हे असून तेही मला दर वेळी जमत नाही."

"हे शेवटचं मी बोललो नव्हतो," रेनान्ते हळूच म्हणाला.

"कायद्याची भाषा आहे. सही कर," अ‍ॅटर्नी म्हणाले.

त्यानं सही केली. शिक्का बसला. लोक शांत होणार, इतक्यात मनांग क्रिसिंग पायरी चढून वर आल्या आणि त्यांनी आपला मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"कागदावर काय, काहीही लिहितात. याचा नंबर मी महिन्याभरापूर्वी विसरले. उघडून दाखव."

"मला येत नाही, मनांग."

"मग सगळ्यांसमोर प्रयत्न कर आणि येत नाही ते दाखव."

रेनान्तेनं मोबाइल हातात घेतला. चार आकडे हवे होते. मागच्या बाजूला नातीचा फोटो चिकटवलेला होता, आणि त्याखाली शाईनं तिची जन्मतारीख लिहिली होती. पुस्तकातला चौथा धडा याच विषयावर होता: माणसं आपल्या लाडक्या माणसाची तारीख लावतात आणि ती जवळच कुठे तरी लिहून ठेवतात. मनांग नंबर विसरल्या होत्या, पण तो त्यांच्या मुठीतच होता. उघडायला चार बोटं पुरली असती.

त्यानं वर पाहिलं. गर्दीच्या पहिल्याच ओळीत नानाय उभी होती, चर्चला जायचा झगा घालून. शपथपत्रातला एक शब्दही तिनं मनावर घेतला नव्हता.

"उघड की, तोतो," ती मोठ्यानं म्हणाली. "बघू देत या लोकांना. याला सगळं येतं हो, लहानपणी यानं रेडिओ खोलला होता."

मॅडम व्हांजींनी डोळे मिटून घेतले. अ‍ॅटर्नी शिक्का सावरून उभे राहिले. रेनान्तेला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती, कारण एवढ्या लोकांसमोर त्याला पहिल्यांदाच एखादी गोष्ट येत होती आणि ती येत नाही असं दाखवायचं होतं. त्यानं चार वेळा एक दाबला. मोबाइल थरथरला. चार वेळा दोन दाबला. पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा गर्दीतून सुटकेचा नि:श्वास निघाला आणि मागे कोणी तरी टाळ्याही वाजवल्या.

"बिचारा," मनांग क्रिसिंग मोबाइल परत घेत म्हणाल्या, आणि त्यांनी पासबुक पिशवीत टाकलं. "खरंच काही येत नाही याला. उगाच घाबरलो आपण."

रांग हसत हसत पांगली. नानाय मात्र हसली नाही. ती तडक घराकडे चालू लागली. संध्याकाळपर्यंत तिनं स्वतःच फ्लेक्स उतरवला होता आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला होता, तोंड खाली करून. जेवताना तिनं त्याला वाढलं, पण तोतो म्हटलं नाही.

शुक्रवार नाव मागे घेण्याचा शेवटचा दिवस होता. रेनान्तेनं वही काढली. 'देऊ नये'ची अकरा कारणं पुन्हा वाचली, आणि त्यातलं एकही उरलं नसल्याचं त्याच्या लक्षात आलं. नापास झालो तर लोक हसतील, असं लिहिलं होतं. ते हसून झालं होतं. नानायला तोंड कसं दाखवू, असं लिहिलं होतं. ते तर दाखवून झालं होतं, भर बाजारात. 'द्यावी' खालचं एकुलतं एक कारणही उरलं नव्हतं, पण चार आकडे माहीत असताना बोट मागे घ्यावं लागलं त्याचा राग होता. तो राग त्यानं वहीत लिहिला नाही. अर्जही केला नाही. त्या दिवसापासून तो पहाटे चारला उठून पुस्तक घेऊन बसू लागला, आणि उरलेला दिवस कागद ओढून काढू लागला.

दहा दिवसांनी इलोइलो शहरात जाऊन त्यानं परीक्षा दिली. चार तास खुर्चीत बसून पाठ धरली. शेवटी पडद्यावर निकाल आला: चौऱ्याहत्तर. उत्तीर्ण.

दुसऱ्या दिवशी मॅडम व्हांजींनी प्रमाणपत्र दोनदा वाचलं, उठून दाराला कडी लावली आणि मग त्याचा हात घट्ट दाबून हळू आवाजात अभिनंदन केलं.

"अजून कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"शाबास. सांगूही नकोस. तू हॅकर होण्याची शक्यता नाही असं आपण शिक्का मारून दिलंय. ते शपथपत्र मी काचेत बसवून खिडकीशेजारी लावलंय, लोक पैसे भरायच्या आधी वाचून जातात."

"आणि ते पद, मॅडम?"

"पद तुलाच. काम सुरक्षेचंच करायचं. फक्त दारावरची पाटी थोडी वेगळी असेल." पाटी त्यांनी आधीच करून घेतली होती. तिच्यावर लिहिलं होतं: 'प्रमुख, प्रिंटर व इतर यंत्रे'.

रेनान्ते घरी आला आणि त्यानं प्रमाणपत्र नानायपुढे ठेवलं. तिनं चष्मा लावला. नावाखालून बोट फिरवत तिनं एकेक शब्द वाचला. एथिकल हा शब्द तिथे पूर्ण मावला होता.

"म्हणजे तुला येतं," ती म्हणाली.

"येतं."

"आणि त्या दिवशी पायरीवर?"

"तेव्हाही येत होतं, नानाय."

तिनं चष्मा काढून ठेवला. मग तिनं झग्याच्या टोकानं डोळे पुसले आणि त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "मग मी दोन आठवडे तोंड लपवून फिरले ते कशाला रे, तोतो? चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत होते मी. त्या खांबामागे."

त्यानं तिला सगळं नीट समजावून सांगितलं. हे बाहेर फुटलं तर रांग पुन्हा लागेल, शपथ खोटी ठरेल, नोकरी जाईल. हे गुपित आहे आणि ते या चार भिंतींच्या आतच राहायला हवं. नानायनं शांतपणे सगळं ऐकलं. तिला सगळं पटलं. प्रमाणपत्राची नीट घडी घालून तिनं ते कपाटात साड्यांसारख्या रचलेल्या झग्यांच्या तळाशी ठेवलं, किल्ली फिरवली आणि ती पुन्हा त्याच्यासमोर येऊन बसली.

"फक्त पुरिंगला सांगू का?" ती म्हणाली. "एकट्या पुरिंगला. ती कोणाला सांगत नाही."

गुपितं कशी राखावीत यावरची सहाशे पानं वाचून त्यावर चौऱ्याहत्तर गुण मिळवलेल्या त्या सुरक्षा तज्ज्ञानं आपल्या आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "सांग."