रबरी चपला घातलेला स्वीडिश शिपाई

ईरा, नील, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही माझं बोलणं सोडून माझ्यामागच्या भिंतीकडे बघत होतात. "आजी, त्या सोल्जरच्या पायात चपला का?" उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहिते. आई वाचून दाखवेल.

आमच्या बेडोक भागातल्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर आगाशे राहायचे. पुण्याचे निवृत्त इंजिनिअर, इथे मुलाकडे आलेले. सतराव्या शतकातल्या स्वीडिश सैनिकांची चित्रं तपासणं हा त्यांचा उद्योग. हे काम त्यांना स्वीडनने दिलेलं नव्हतं. तिकडे ते कधी गेलेही नव्हते, हे स्वीडनचं नशीब.

लिफ्टमध्ये गाठलं की टॅब्लेट माझ्या नाकासमोर. "वहिनी, हे बूट पाहा." मी पाहायची. बूट असायचे. "या चित्रकाराच्या तिन्ही चित्रांत हेच बूट, हीच सुरकुती. स्टुडिओतला एक जोड अख्ख्या सैन्याला पुरवलाय." सगळे शिपाई एकसारख्या निळ्या कोटात दिसले की त्यांचा दिवस वाया जायचा; तेव्हा सगळ्यांना एकच गणवेश नसायचा म्हणे. चित्र त्याच काळातलं आहे असं कोणी म्हणालं, तर ठरलेला प्रश्न यायचा, "पण चित्रकार तिथे होता का?"

हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावर फलकावरच्या नूडल्समध्ये सहा कोळंब्या आणि वाडग्यात दोन निघाल्या, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. दुकानवाली म्हणाली, "अंकल, पिक्चर ओन्ली लाह." गणपतीत मुलांच्या चित्रस्पर्धेला त्यांना परीक्षक नेमलं, तर पहिलं बक्षीस त्यांनी कोणालाच दिलं नाही. मावळा काढलेली सात वर्षांची एक मुलगी रडली. त्यांनी तिला ढालीची योग्य मापं समजावून सांगितली.

मग मुलाची सिडनीला बदली झाली. सामानाची बांधाबांध चालू असताना एका सकाळी आगाशे वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट घेऊन माझ्या दारात उभे राहिले. आत जलरंगातला स्वीडिश शिपाई. निळा कोट, तोही बुशशर्टाच्या बेताचा. बंदूक म्हणजे उघड उघड जाळी काढायच्या झाडूचा दांडा. पायात रबरी चपला.

इतक्या वर्षांनी मला संधी मिळाली होती. "आगाशे, यात चुका किती?"

"एकोणीस."

"चित्रकार तिथे होता का?"

"होती," ते म्हणाले. "पुण्याच्या घरी, पॅसेजमध्ये. रोज नावं ठेवता, आता मीच काढते, म्हणाली कुसुम. दोन तास उभं केलं मला. हललो की ओरडायची."

कुसुम म्हणजे त्यांची बायको. ती गेल्यावर ते इथे आले, एवढंच मला ठाऊक होतं.

"मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हीच म्हणता ना सगळं चुकीचं आहे, मग टाकून देऊ." ते चपलांकडे बघत होते. "आता त्याला काय सांगू? तुमच्याकडे राहील का, वहिनी?"

मी खिळा कुठे ठोकायचा ते विचारलं.

सिडनीहून अधूनमधून त्यांचा फोन येतो. बूट, नाहीतर बटणं. चित्राबद्दल ते विचारत नाहीत, मीही विषय काढत नाही. ते ऊन न लागणाऱ्या भिंतीवर आहे, एकोणीस चुकांसकट.