आधी हात कुणी लावला?

पोकलेन बंद पडलं म्हणून तुम्ही दिनकर तात्यांना बोलावलंत, तर ते आधी मशीनकडे बघतच नाहीत. ते माणसांकडे बघतात. मालक, ऑपरेटर, डिझेल घेऊन आलेला, नुसती गंमत बघायला थांबलेला शेजारचा शेतकरी, सगळ्यांना समोर उभं करतात आणि विचारतात, "आधी हात कुणी लावला, ते सांगा." उत्तर मिळेपर्यंत हत्यारांची पेटी उघडत नाहीत. चहाला नको म्हणतात. सावली बघून बसतात मात्र.

बारामतीत भिगवण रोडला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. मी इंदापूर तालुक्यात शेततळी खणून देतो. माझ्याकडे एकच पोकलेन आहे, आणि ते उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. अशा वेळी लिंबाखाली मांडी घालून चोर शोधत बसलेला माणूस किती गोड वाटेल, याची कल्पना करा. मी त्यांना मनातल्या मनात दिलेल्या शिव्या छापण्यासारख्या नाहीत.

त्यांचं काम थोडं सांगायला हवं. हल्लीच्या पोकलेनमध्ये तीन-चार छोटे कॉम्प्युटर असतात. एक इंजिनाचा, एक पंपाचा, एक केबिनमधल्या स्क्रीनचा. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक वायरींमधून ते सारखे निरोप देत-घेत असतात. हे निरोप थांबले की स्क्रीनवर लाल अक्षरं येतात आणि एवढं मोठं धूड शेतात नुसतं घुरघुरत उभं राहतं. सोंडेसारखा बूम उचलत नाही की जागचं हलत नाही. तात्या बॅटरी सोडवतात आणि त्या दोन वायरींना मीटर लावतात. मीटरवर साठ आलं की म्हणतात, "घर नांदतंय." एकशेवीस आलं की म्हणतात, "कुणीतरी रुसलंय." मग वायर कुठं तुटली, कुठल्या प्लगात पाणी शिरलं, हे शोधत मशीनच्या पोटात शिरायचं. तात्यांचं म्हणणं असं, की माणसांनी खरं सांगितलं तर यातलं निम्मं शिरणं वाचतं. "यंत्र बिघडत न्हाय, बिघडवत्यात," हे त्यांचं पालुपद.

वैताग याचा, की बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघतं. खंडेनवमीला आपल्याकडे मशीनची पूजा होते. पूजेआधी मशीनला आंघोळ. मग गाड्या धुवायचा पंप आणायचा आणि केबिनच्या आतसुद्धा फवारा मारायचा, बकेटच्या दातावर नारळ फोडायचा, ते पाणीही भक्तिभावानं सगळीकडे शिंपडायचं. थोड्या दिवसांनी प्लगांच्या पिनांवर हिरवं चढतं आणि मशीन मुकं होतं. दसरा उलटला की तात्यांचा फोन थांबत नाही. एका डाळिंबवाल्या बागायतदारानं पाणी मारलंच नाही म्हणून छातीठोक सांगितलं होतं. तात्या दुपारपर्यंत सावलीत बसून राहिले. शेवटी बागायतदाराच्या आईनंच येऊन सांगितलं, की कळशीनं पाणी आपण घातलं, मशीन लेकरासारखं म्हणून जरा सढळ हातानं घातलं. तात्यांनी म्हातारीला नमस्कार केला आणि पेटी उघडली. कबूल केलेल्यावर ते कधी चिडत नाहीत. पण खोटं बोलणाऱ्याच्या मशीनला हात लावत नाहीत. पेटी मोटारसायकलला बांधतात आणि चालू लागतात.

हा नियम त्यांनी स्वतःच्या पोराला लावला. विकास त्यांच्याच शेडमध्ये शिकला. एकदा त्यानं बॅटरी न सोडवता एका गिऱ्हाइकाच्या मशीनला वेल्डिंग केलं आणि मशीनचा कॉम्प्युटर जळाला. तात्यांनी विचारलं, हात कुणी लावला. विकासनं त्या गिऱ्हाइकाच्या ऑपरेटरचं नाव घेतलं. खरं बाहेर आलं, तेव्हा तात्यांनी चारचौघांत विकासला शेडबाहेर काढलं. तो जो बाहेर पडला, तो घरीही गेला नाही. तेव्हापासून बापलेकात अबोला आहे. विकास इंदापुरात खोली घेऊन राहतो आणि माझं पोकलेन चालवतो. लोक तात्यांना तत्त्वाचा माणूस म्हणतात. एका खोट्यापायी हाताशी आलेला पोरगा घालवणाऱ्याला मी तरी वेगळंच काही म्हणतो.

माझं मशीन बंद पडलं की तात्याच येणार, कारण दुसऱ्या कुणाला हे काम धड येत नाही आणि शेड सुटल्यापासून विकास वायरींना हात लावत नाही. मग पुढची करमणूक सुरू. बाप केबिनच्या दारात, लेक सीटवर, मधे हातभर अंतर. तात्या माझ्याकडे बघून म्हणणार, तुमच्या ऑपरेटरला म्हणावं चावी बंद कर. विकास माझ्याकडे बघून म्हणणार, मिस्त्रींना सांगा, बंदच हाय. मालक मी, आणि उन्हात उभं राहून ऐकू आलेलंच पुन्हा सांगायचं काम माझं. कधीतरी हे दोघं बोलतील म्हणून सुरुवातीला मी आनंदानं केलं. पुढं पुढं मला त्या दोघांचा वीट आला.

यंदा मशीन फारच वेळा बंद पडायला लागलं. दर वेळी दोष तोच. सीटमागचा एक प्लग सुटलेला असायचा. एरवी बोलावल्यावर दोन दिवसांनी उगवणारे तात्या माझ्याकडे मात्र फोन ठेवल्या ठेवल्या निघायचे. यायचे, सीट पुढं ओढायचे, प्लग बसवायचे, मग उगाच सगळ्या वायरी पुसत बसायचे. आणि यंदा माझ्या मशीनपाशी त्यांनी तो प्रश्न एकदाही विचारला नाही. मला वाटलं, जुनं गिऱ्हाईक म्हणून माझा मान ठेवतात.

एका दुपारी भिगवणजवळच्या रानात काम चालू होतं. मी न कळवता गेलो. खणलेल्या मातीच्या ढिगामागून बघतो, तर विकासनं सीट पुढं ओढलेली आणि तो हातानं प्लग सोडवतोय. सीट परत जागेवर सरकवून त्यानं खिशातून मोबाइल काढला. लगेच माझ्या खिशातला मोबाइल वाजला. मी ढिगामागून बाहेर आलो, तर तो मोबाइल कानाला लावूनच उभा राहिला. मी त्याला काही बोललो नाही. बोललो असतो तर कामावरून काढूनच थांबलो असतो, आणि त्याच्यासारखा हात असलेला ऑपरेटर या भागात मिळत नाही. मी गाडी थेट बारामतीला घातली.

तात्या शेडमध्ये एकटेच बसून ब्रशनं पिना साफ करत होते. मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. तुमचा पोरगा माझं काम बुडवतोय, मुद्दाम बुडवतोय, वगैरे. ते पिना घासतच राहिले.

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

मग मात्र माझा तोल गेला. सगळ्या जगाला उन्हात उभं करून विचारता, मग त्याला एकदा तरी विचारायचं होतं, असं मी त्यांना सुनावलं.

तात्यांनी ब्रश खाली ठेवला. "विचारलं तर आता तो खरं सांगंल, शेठ. सांगितल्यावर परत कशाला बोलवंल मला?"

घरी बोलवा त्याला, मी म्हणालो. हे काय चाललंय दोघांचं.

"मीच काढलाय त्याला. कुठल्या तोंडानं बोलवू?"

मला त्यांचा संताप आला आणि वाईटही तितकंच वाटलं. एवढा ताठा आणि एवढी माया एकाच माणसाला देताना देवानं विचार करायला हवा होता. मी उठलो. गाडीपाशी पोचलो, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"तुमच्या ऑपरेटरला एक निरोप द्या. म्हणावं, तो प्लग दोन मिनिटांत बसतोय. पुढच्या खेपंला जरा अवघड जागा बघ."

असा निरोप कुठल्याही शहाण्या मालकानं पोचवला नसता. माझंच मशीन, माझंच काम. मी तो त्याच संध्याकाळी पोचवला. विकास मान खाली घालून ऐकत राहिला आणि मग ग्रीस लावायला निघून गेला.

पुढच्या खेपेला मशीन बंद पडलं, तेव्हा तात्या सकाळीच आले. स्क्रीनपासून सुरुवात केली, मग सीट काढली, खालचे पत्रे काढले, पंपापर्यंत गेले. विकास शेजारी बसून टॉर्च धरत होता. तात्यांचा हात जिकडं जाई तिकडं उजेड आधीच गेलेला असे. दिवसभरात दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. मलाही कुणी निरोप सांगितला नाही. दिवस मावळायला आला तसे तात्या हात पुसत बाहेर आले आणि माझी नजर चुकवून म्हणाले, "आज काय सापडत न्हाय, शेठ."

मी म्हणालो, "मग उद्या या."