क्रांतीचा गुंठा

सयाजी सोयाबीनवर तिसऱ्यांदा तणनाशक मारायला पंप पाठीवर घेऊन निघाला, तेव्हा त्याची बायको क्रांती खुरपं घेऊन बांधालगतच्या गुंठ्यात, सोयाबीनच्या ओळींत ठाण मांडून बसली होती.

"ऊठ की! ह्या बियाण्याला औषध बाधत न्हाय. तण मरतंय, पीक हसतंय!"

"हसू द्या. पर हितलं गवत माझ्या म्हशीला लागतंय. हितं फवारा उडाला, तर उद्यापास्नं धारा तुमी काढायच्या."

धारांचं नाव काढताच सयाजी दोन पावलं मागे सरला. तेवढा गुंठा याही वेळी वाचला.

एरवी तो कुणाच्या बापाचं ऐकणारा गडी नव्हता. बाजारात कुणीतरी उघड्या पोत्यातून विकलेलं ते बियाणं त्याने गावभर मिरवलं होतं. वर शेजारच्या अण्णाप्पाशी पैज लावली होती. ज्याने त्याने आपला एकेक गुंठा निवडायचा, पंचांसमोर मळून वजन करायचं आणि हरणाऱ्याने चावडीत जिंकणाऱ्याला फेटा बांधायचा.

तण मेलं. पीक मेलं नाही, पण हसेनाही. पानं पिवळी पडली. सयाजीने कृषी सहायकाला रानात आणलं.

"मरत न्हाय म्हंजे बाधत न्हाय, असं कुणी सांगितलं?" तो वैतागला. "औषधाचा एवढा मारा केलायसा, मुळांना लोह, मँगनीज उचलंना झालंय. पीक उपाशी हाय तुमचं!"

सयाजीने घाईघाईने खताची फवारणी केली. त्याच पंपाने, न धुता. उपाशी पिकाला विषाच्या ताटात वाढलं! उरलीसुरली पानंही आकसली.

मळणीच्या दिवशी अण्णाप्पाची रास बघून सयाजीला घाम फुटला.

"तुझा गुंठा कंचा रं?" पंचांनी विचारलं.

सयाजीने चहूकडे पाहिलं आणि मुकाट्याने बांधाकडे बोट केलं. क्रांतीने खुरप्याने तण काढून भांगललेला तो गुंठा शेंगांनी लगडला होता. वजनात अण्णाप्पा सपशेल हरला.

चावडीत सयाजीने ऐटीत मान पुढे केली. अण्णाप्पा फेटा घेऊन थांबला.

"पर भांगललं कुणी? वैनी, या पुढं!"

क्रांतीच्या डोक्यावर फेटा चढला. तिचा आनंद गगनात मावेना. सयाजीचं तोंड क्षणभर पडलं, पण जिंकलं आपलंच घर हे ध्यानात येताच त्याने सगळ्यांत मोठ्याने टाळ्या पिटल्या.

"बियाणं माझंच की!" तो ओरडला.

"मग बाकीच्या रानात का पिकलं न्हाय?" पंचांनी विचारलं.

क्रांतीने फेटा सावरला.

"बाकीच्या रानात हे गेलते."