कोल्हेशेटची शांतमुळी

एका जंगलात, बाळांनो, चितळांचा कळप राहत असे आणि त्यांच्या डोक्यावर, मोहाच्या झाडावर, हुपाजी नावाचा वानर. दोघांचा जुना व्यवहार होता. चितळांनी वाघाचा वास आला की वर कळवायचं. हुपाजीने पाला खाली टाकायचा आणि वाघ दिसला की बोंब मारायची.

कळपात ठिपकी नावाची नवी आई होती. पान हललं की तिचं काळीज हले. ‘माझ्या पिल्लाला वाघ नेणार,’ हा एकच घोर. चारा गोड लागेना. दूध आटलं.

वाघाच्या उष्ट्यावर जगणाऱ्या कोल्हेशेटनी हे हेरलं. वडाखाली दुकान थाटून शांतमुळीच्या पुड्या मांडल्या. गिऱ्हाईक निवांत झालं की पळणार नाही. पळालं नाही की वाघाचं फावणार, म्हणजे आपलंही. एका मालावर दोन नफे! बाजारात असे शेट पुष्कळ पाहिलेत, म्हणून सांगतो.

ठिपकीने मुळी चघळली. घटकाभरात काळीज थंड. मग सगळ्या कळपाने चघळली.

“शेट, गुण आहे हो. पण हुपाजी ओरडला की पुन्हा धडधडतं.”

“वहिनी, दुखणं वर बसलंय आणि औषध तुम्ही घेताय! त्यालाच द्या की.”

उरलेल्या सगळ्या पुड्या हुपाजीला चारल्या.

मग वाघ आला. हुपाजीने त्याला नीट पाहिलं. “येऊ दे बापड्याला,” म्हणाला आणि कूस बदलली.

वाघाने झेप घेतली. कोणी पळेना. ठिपकीने जांभई दिली. “या भावोजी, बसा.” पिल्लू तर त्याच्या मिशाच हुंगायला लागलं.

वाघ थिजला. त्याला पाहून जन्मात कोणी उभं राहिलं नव्हतं. ‘ह्यांना काहीतरी ठाऊक आहे, अन् मला नाही!’ त्याला दरदरून घाम फुटला. शेपूट घालून तो थेट दुकानात.

“शेट, छातीत धडधडतंय. पुडी काढा.”

“महाराज, माल संपला. शेवटचा त्या माकडाने खाल्ला.”

“मग मी काय करू?”

“मन दुसरीकडे गुंतवा.”

वाघाने कोल्हेशेटना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मन लगेच गुंतलं. जेवणानंतर धडधड थांबली आणि त्याला छान झोप लागली.

ठिपकी अजून सगळ्यांना सांगते, “औषध नामी हो! पिल्लू वाघाच्या तोंडातून परत आलं. तो भला दुकानदार तेवढा कुठे गेला, कळत नाही.”

तात्पर्य: भित्र्यांना औषध जरूर विकावं; पण ते ज्याला भितात, त्याच्यासाठी एक पुडी आधी बाजूला काढून ठेवावी.