लेखकाची इच्छा आणि अनंतअण्णा

चष्मा कपाळावर आणि नाक स्क्रीनला टेकलेलं, असे अनंतअण्णा दिसले की आम्ही ओळखायचो: कुणाचं तरी फुकट सॉफ्टवेअर घ्यायचंय आणि त्याच्या लेखकानं सोबत काय लिहिलंय, ते वाचणं चाललंय. "फुकट देणाऱ्याचं मन आधी बघावं," म्हणायचे. एकानं लिहिलं होतं, 'उपयोग झाला तर झाड लावा.' अण्णांनी बंगळुरात बसवनगुडीतल्या आमच्या ऑफिससमोर करंजाचं रोप लावलं आणि त्या लेखकाला फोटोही पाठवला.

बाकीचे हसायचे. मला मात्र संशय यायचा. एवढा सरळ माणूस आयटीत टिकतो कसा?

मग हजेरीच्या सॉफ्टवेअरचं काम आलं. कॅमेऱ्यातून चेहरा ओळखणारा एक फुकट कोड मी शोधून काढला. खाली लेखकाची ओळ होती, 'कृपया माणसांवर पाळत ठेवायला वापरू नये.'

"नाही वापरायचा," अण्णा म्हणाले.

"अण्णा, लायसन्समध्ये सगळी मुभा आहे. ही नुसती इच्छा."

"स्वल्प थांब, मंजिरी. मेलेल्याची इच्छा पाळतो ना आपण? मग जिवंत माणसानं काय पाप केलं?"

"पण पाळत ठेवायला तुमची हरकत आहे का?"

"माझी कुठे? त्याची आहे!"

अण्णांनी सगळा कोड स्वतः लिहिला. तीन आठवडे उशीर झाला, मॅनेजर सगळ्यांदेखत ओरडला, प्रमोशन गेलं. अण्णा फक्त "सरी" म्हणाले, कानडीतलं 'बरं'. आता माझी खात्रीच पटली, यात काहीतरी काळंबेरं आहे. एका रविवारी मी थेट चामराजपेटेत त्यांच्या घरी गेले.

"खरं सांगा अण्णा, त्या लेखकाशी तुमचं काय आहे?"

"त्याचं नावही नीट येत नाही मला." त्यांनी कॉफी माझ्यापुढे ठेवली आणि कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर लावला. स्क्रीनवर मोठा 'अ' आला. "माझ्या बायकोनं, वत्सलेनं केलं हे. मुलांना अक्षरं गिरवायला. सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. मध्ये जाहिराती दाखवू नका, एवढंच खाली लिहिलं होतं."

एका कंपनीनं ते उचललं आणि दर अक्षरानंतर जाहिरात घातली. वत्सलाअक्कांनी पत्र लिहिलं. एका ओळीचं उत्तर आलं: आपली इच्छा बंधनकारक नाही.

"मग?"

"मग वर्षभरच जगली ती. पण याला हात लावला नाही. 'ह'पर्यंत झालंय. 'ळ' राहिला."

"मी घालून देऊ का 'ळ'?"

अण्णांनी स्क्रीनवरची धूळ बोटानं पुसली.

"तिनं तसं काही लिहून ठेवलेलं नाही गं," म्हणाले.